बनाबाईंची पावली

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनी पुढं सरका, लेकरांना मांडीवर घ्या, आणि ते मोबाइल जरा पालथे घाला. आजची गोष्ट देवळातली नाही, दवाखान्यातली आहे. पण तिच्यात टाळ आहे, पावली आहे, आणि पांडुरंगाला यायला जागाही ठेवली आहे. ऐकताना हसू आलं तर दाबू नका. दाबून ठेवलं की काय होतं, तेच तर सांगायचं आहे!

कोल्हापुरात रंकाळ्याच्या अंगाला हाडांचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथं राजनंदिनी नावाची सिस्टर. पोरगी गारगोटीची. वडील गावच्या भजनात मृदंग वाजवायचे, त्यामुळं ही पाळण्यात असल्यापासून कीर्तन ऐकत वाढलेली. वॉर्डातून औषधांचा ट्रे घेऊन निघाली तरी पाऊल ठेक्यात पडायचं.

त्या दिवशी सकाळी आठला ती ड्युटीवर आली आणि तीन नंबरच्या खोलीत शिरली. तिथं बनाबाई. वय सत्तरीकडं झुकलेलं, अंग सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ, दवाखान्याच्या झबल्यावरूनही डोक्यावर जुन्या लुगड्याच्या तुकड्याचा पदर. मोडलेल्या खुब्यात नवा गोळा बसवून तिसरा दिवस. पाय अगदी झकास! टाके कोरडे, ताप नाही, बोटं हलतायत. राजनंदिनीनं मनातल्या मनात शाबासकी दिली आणि पांघरूण जरा वर सरकवलं.

पोट नगाऱ्यासारखं टरटरलं होतं.

"आजी, गॅस सुटला का?"

बनाबाईंनी झटकन पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान भिंतीकडं फिरवली.

नऊ वाजता उन्मेष डॉक्टर आले. पोट दाबून बघितलं, एक्स-रे काढला. आतडं कुठं अडकलं नव्हतं, पण वाऱ्यानं फुगून मुकाट पडलं होतं. खोलीबाहेर येऊन ते म्हणाले, "ऑपरेशन, वरून दुखण्याची कडक औषधं, आणि पडून राहणं. आतडी झोपलीत. संध्याकाळी सहापर्यंत हलली नाहीत तर नाकातून पोटात नळी घालायची, आणि पोटाच्या सर्जनकडं मोठ्या दवाखान्यात हलवायचं. या वयात मला ते नकोय, सिस्टर."

"काल त्या उभ्या राहिल्या होत्या, सर. चालल्या तर सुटेल."

"मग चालवा की!"

इथं खरी गंमत सुरू होते. चालवायचं कुणी अडवलं होतं? फिजिओवाला दहाला आला. बनाबाई म्हणाल्या, "पाय दुकतोय." अकराला राजनंदिनी वॉकर घेऊन आली. "चक्कर येतीया." बाराला परत आली. "आता जेवणाची येळ." जेवण तर डॉक्टरांनी बंद केलं होतं, नुसतं पाणी चालू होतं! लेक तेजस्वी उशाशी बसली होती, ती रडकुंडीला आली.

"आई, ऊठ की गं. असं काय करतीस?"

"तू गप."

राजनंदिनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून डोळे मिटून ऐकत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. आणि मग खोल कुठंतरी, भरल्या घागरीत थेंब पडावा तसा एक आवाज! एकच. पण जीव होता त्यात. आतडी झोपलीत, पण कूस बदलतायत!

डोळे उघडले तर समोर खिडकीत पितळी तांब्या दिसला. त्यात तुळशीचं पान. बनाबाईंना तुळशीशिवाय पाणी चालत नसे, म्हणून तेजस्वी रोज पहाटे ताजं पान टाकायची. आता दुपार झाली होती, तांब्या निम्मा रिकामा होता, पण बनाबाईंचे ओठ कोरडे पडले होते. राजनंदिनीनं भिंतीवरचा कागद बघितला. काल पाणी आठ पेले, आज सकाळपासून तीन, असं तेजस्वीच्या अक्षरात लिहिलेलं.

"ताई, हे पेले आजी तुमच्यासमोर प्याल्या का?"

तेजस्वी गडबडली. "मी भरून देती. रिकामा पेला परत येतोय. म्हणून लिवलं..."

राजनंदिनीनं खिडकीखालची, पलंगावरून हात पोचेल अशी कुंडी बघितली. सगळ्या दवाखान्यातल्या कुंड्या वाळून काडी झालेल्या, आणि ही एकटी चिंब!

ती खाली वाकली आणि कानाशी हळूच म्हणाली, "आजी, पाणी का न्हाय पीत?"

बनाबाईंनी डोळ्यांनीच खोलीच्या दुसऱ्या टोकाकडं खूण केली.

तिथं, पलंगाच्या पायथ्याशी, संडासाच्या दाराला अगदी लागून असलेल्या बाकावर गुंडूतात्या बसले होते. पांढरं धोतर, कपाळी बुक्का, मांडीवर पिशवी. तेजस्वीचे सासरे, म्हणजे बनाबाईंचे व्याही. गगनबावड्याकडचे. बनाबाई त्यांच्याच गावच्या सप्त्याला गेल्या होत्या, आणि त्यांच्याच दारातल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पडल्या होत्या. तेव्हापासून तात्या सकाळी साडेसातला हजर. संध्याकाळी सहाला उठायचे. मधे हालत नव्हते.

"पावणं बसल्यात की न्हवं," बनाबाई पुटपुटल्या. "पानी प्याले की उटाया लागतंय. उटले की त्यांच्या म्होरनं जाया लागतंय. आन् हे अंगातलं झबलं मागनं उगडं! आन् सिस्टर, उटता बसता... वाजलं तर?"

राजनंदिनीनं ओठ घट्ट मिटले. हसू बाहेर पडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं.

"मग त्यांना बाहेर बसा म्हणते."

बनाबाईंनी तिचा हात गच्च धरला. "नगं! मानाचं मानूस हाय. त्यांच्या दारात पडले म्हनून बसल्यात बिचारं. जा म्हनलं तर वाटंल, हिनं राग धरला. माज्या लेकीला त्याच घरात नांदायचं हाय. अकरा वरसं झाली लग्नाला, तोंड वर करून बोलली न्हाय मी त्यांच्याशी."

आता सांगा! एक माणूस मान द्यायचा म्हणून उठत नाही, दुसरं माणूस मान ठेवायचा म्हणून उठत नाही, आणि दोघांच्या मधे एक पोट फुगत चाललंय!

राजनंदिनीनं आधी डॉक्टरांना फोन लावला. पाणी पोटात गेलंच नाही म्हटल्यावर त्यांनी सलाईन वाढवलं, झोप आणणारं दुखण्याचं इंजेक्शन बंद करून साधं दिलं. "पण चालणं तुमच्याकडं," ते म्हणाले. "सहाला येतो."

दोन वाजले होते.

ती तात्यांजवळ गेली. "तात्या, सकाळपासून बसलाय. जावा, चहा घेऊन या निवांत."

तात्या उठले. राजनंदिनी वॉकर ओढून पलंगापाशी आणते तोवर चार मिनिटांत परत! हातात पिशवीभर चहा आणि पाच कागदी कप. "एकट्यानं कसा घ्यायचा? घ्या सिस्टर, तुमीबी घ्या."

अडीचला तिनं त्यांना च्युइंगम आणायला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पाठवलं. ते खरंच हवं होतं; चघळलं की आतड्यांना वाटतं जेवण आलं, आणि ती जागी होतात. तात्यांनी काय केलं? खिडकीतनं खाली ओळखीचा रिक्षावाला दिसला, त्यालाच हाक मारली. "ए पावणं, येवढं वर आणून दे की!" आणि परत बाकावर.

"आमी विहीणबाईंना सोडून जाणार न्हाय," त्यांनी ठणकावून सांगितलं. "माज्या दारात पडल्यात. त्या चालंपातूर ह्यो बाक सोडला तर गाव माज्या तोंडात श्यान घालंल."

साडेतीन वाजले. बनाबाई च्युइंगम चघळत पदराआड पडून होत्या, पोट आणखी एक बोट वर आलं होतं. राजनंदिनी दारात उभी राहून विचार करत होती, आणि तिची नजर तात्यांच्या हाताकडं गेली. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आणि उजवा हात मांडीवर ठेका धरतोय. पिशवीच्या तोंडातून निळी दोरी लोंबत होती.

टाळाची दोरी!

देवा रे, तिच्या डोक्यात असा काही उजेड पडला की हातातला ट्रे खाली ठेवावा लागला.

"तात्या, टाळ आणलाय?"

"सप्त्यातनं तसाच आलो की, सिस्टर. ह्यो सोडून मी कुटं जातोय?"

"मग ऐका. विहीणबाईंना चालवायचं काम तुमचंय. माझ्यानं होईना."

तात्या ताठ झाले. "सांगा की! काय करू?"

"दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं. तोंड जिन्याकडं, पाठ खोलीकडं. त्यांना पावलीचा ठेका द्यायचा, अगदी सावकाश. मी सांगितल्याबिगार मागं वळायचं न्हाय. मंजूर?"

"पाठ का?"

"तुम्ही वळला तर ठेका चुकंल. आणि ठेका चुकला तर पाऊल चुकंल."

भजनी माणसाला याहून मोठी शपथ नाही. तात्या टाळ घेऊन निघाले.

मोठ्या सिस्टर पद्मजाबाई मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या. "राजनंदिनी, हे देऊळ हाय का दवाखाना?"

"दहा मिनिटं, बाई. नायतर सहाला नळी."

पद्मजाबाईंनी बनाबाईंच्या पोटाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं, आणि स्वतःच वॉर्डात फिरून एकेका खोलीत सांगून आल्या, "आता जरा वाजेल हं. औषध आहे ते."

खोलीचं दार अर्धं लावलं. तेजस्वीनं मागून शाल गुंडाळली, झबलं झाकलं. वॉकर समोर आला. "आजी, कीर्तनात पावली टाकलीय ना आयुष्यभर? तीच इथं. एकाला वॉकर पुढं, दोनाला दुखरा पाय, तीनाला चांगला. टाळ सांगेल तेव्हाच."

"आन् पावणं?"

"जिन्याकडं तोंड करून उभेत. आणि टाळ वाजत असताना दुसरं काही ऐकू येतंय होय?"

बनाबाईंनी तिच्याकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत चमक आली.

छन्! बाहेर पहिला ठोका पडला. सावकाश, खणखणीत. वॉकर पुढं. छन्! दुखरा पाय. छन्! चांगला. "वा, आजी, वा!" दुसरं पाऊल. तिसरं. कपाळावर घाम आला होता, पण ठेका अंगात भिनला तसा कणा सरळ झाला. चौथं. पाचवं. शेजारच्या खोलीतनं कुणीतरी टाळी धरली. सहावं पाऊल. सातवं.

आणि बनाबाई जागच्या जागी थांबल्या. डोळे विस्फारलेले, एक हात पोटावर. आत काहीतरी गडगडत निघालं होतं, राजनंदिनीला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू आलं!

नेमक्या त्याच क्षणी बाहेरचा टाळ थांबला. पावलं थांबली असं ऐकून तात्या घाबरले होते. सगळा मजला चिडीचूप. सुई पडली तरी कळली असती.

बनाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. घट्ट धरलेलं, अजून धरलेलं, आणि मग ज्या बाईनं अकरा वर्षांत व्याह्यांपुढं तोंड उघडलं नव्हतं, ती खच्चून ओरडली:

"अवो पावणं! थांबलाईसा कशाला? वाजवा की! जोरात वाजवा!"

तात्यांच्या अंगात वारं शिरलं. "विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!" टाळ असा कडाडला की जिन्यातली कबुतरं उडाली. वॉर्डातल्या प्लास्टर घातलेल्या माणसांनी पलंगावरूनच साथ धरली, विठ्ठल, विठ्ठल! आणि त्या गजरात, त्या घोषात, बनाबाईंचं पोट मोकळं झालं. एकदा नाही, दोनदा नाही, सात वेळा! राजनंदिनीनं मोजलं. तेजस्वी आईला धरून हसत होती आणि रडत होती. "सिस्टर, संडास, संडास!" म्हणत उरलेली पावलं बनाबाईंनी ठेक्याच्याही पुढं टाकली!

सहाला उन्मेष डॉक्टर आले. पोट मऊ पडलं होतं. स्टेथोस्कोप ठेवला आणि ते हसले. "इथं तर जत्रा भरलीय!" नळीचं पाकीट न फोडता ट्रेमधून परत गेलं. रात्री घोट घोट पाणी आणि उद्या मुगाचं कढण, असं लिहून दिलं. तांब्यात तेजस्वीनं नवं पान टाकलं, आणि या वेळी पाणी कुंडीत गेलं नाही.

तात्या दारात अवघडून उभे होते. राजनंदिनीनं विचारलं, "तात्या, काय ऐकू आलं का हो तुम्हाला?"

"मला?" तात्यांनी टाळ पिशवीत ठेवला. चेहरा गंभीर, मिशी मात्र थरथरत होती. "टाळ सोडून कायबी न्हाय." मग चप्पल घालता घालता पलंगाकडं न बघताच म्हणाले, "विहीणबाई, उद्या मी चारलाच येतो. ठेका द्यायापुरता. दिवसभर पानी प्या."

पदराआडून उत्तर आलं, "या की. आन् ती पायरी घासून घ्या तेवढी."

तर मंडळी, गोष्ट संपली. तुमच्या घरातलं कुणी पलंगावर पडलं आणि तुम्ही बघायला गेलात, तर फळं न्या, चार गोड शब्द न्या, आणि उठायच्या वेळी उठा. तिथं एखादी सिस्टर तांब्याकडं, कुंडीकडं, तुमच्या हाताच्या ठेक्याकडं बघत असेल. तिचं नाव तुम्हाला कुणी सांगणार नाही. म्हणून एवढंच मागणं: आज घरी जाऊन देवापुढं दिवा लावाल, तेव्हा तुमच्या माणसांबरोबर गारगोटीच्या त्या राजनंदिनीचीही आठवण ठेवा.