यादीत नसलेली मेमरी

सर्व्हर मेला, आणि मरताना त्याने चकार शब्द काढला नाही. हे वाक्य तुम्ही अजून वाचलेलंच नाही. आत्ता पावणेबारा वाजलेत आणि सर्व्हर ठणठणीत आहे.

तो दर मंगळवारी बाराच्या सुमारास मरतो. दोनदा झालं, आज तिसरा मंगळवार. तिसऱ्यांदाही कारण सापडलं नाही तर ताईची खुर्ची जाणार, असं साहेबांनी लेखी कळवलंय. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण. ऑफिसात माझी वरिष्ठ, घरीही तेच.

सर्व्हर चालवणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे कर्नल; तिने मेमरीच्या एका कोपऱ्यात त्याचीच एक छोटी प्रत, छोटा कर्नल, बसवून ठेवलाय. मोठा मेला की हा उठतो आणि मेमरीत काय काय होतं त्याचा पंचनामा डिस्कवर उतरवतो. पण हातातल्या यादीत जेवढी मेमरी आहे, तेवढ्याचाच. यादीबाहेरचं डोळ्यांसमोर असलं तरी त्याला दिसत नाही.

अकरा वाजता हार्डवेअरवाल्या काकांनी चालू सर्व्हरमध्येच नवी मेमरी खोचली होती.

"यादी ताजी झाली ना रे?" ताईने विचारलं.

"आपोआप होते," मी म्हणालो, आणि मग आठवलं. ती आपोआप ताजी करणारा नियम मीच गेल्या महिन्यात बंद केला होता. मेमरी वाढली की मोठा कर्नल तिचे चौसष्ट तुकडे मोजतो, दर तुकड्याला यादी नव्याने बनते, आणि दर यादीमागे मला एक मेल येतो. ते चौसष्ट मेल आले तेव्हा मी जेवत होतो.

"ताई, यादी काकांच्या आधीची आहे."

"म्हणजे माझी मेमरी कागदोपत्री जन्मलीच नाही?" काका दुखावले.

ताईने घड्याळ पाहिलं. "अकरा चोपन्न झालेत. हाताने लोड कर. आणि घाई करू नकोस, टाइप करताना चुकशील."

चुकलो. दोनदा. अकरा सत्तावन्नला एकदाची कमांड गेली. जुनी यादी उतरली. नवी चढायला वीस सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ छोटा कर्नल जागेवरच नसतो.

सात... आठ... काका बोटांवर मोजत होते. अकरा...

बाराव्या सेकंदाला स्क्रीन गोठली. मग सर्व्हर निमूटपणे पुन्हा सुरू झाला, त्या गावचाच नसल्यासारखा. डिस्कवर पंचनाम्याचं एक अक्षर नव्हतं.

"वेळेचा पक्का आहे हो पण," काका हळूच म्हणाले.

साहेबांचा फोन वाजायला लागला. ताईने तो वाजू दिला.

"कागद घे," ती म्हणाली. "घोळ तूच घातलास, तूच निस्तर."

मी लिहिलं: महोदय, आजचा अकरा सत्तावन्नचा मृत्यू पंच गैरहजर असल्याने अग्राह्य धरावा. सदर सर्व्हरने यादी चढल्यानंतर, कार्यालयीन वेळेत, त्याच कारणाने पुन्हा एकदा मरावे, असे आदेश व्हावेत. तोपर्यंत संबंधित खुर्चीवर अर्जदाराच्या बहिणीस बसू द्यावे, ही नम्र विनंती.