आपोआप वर जाणं शक्य नाही

शॅरननं बटण दाबलं, रोबोटचा हात टेबलापर्यंत खाली आणला आणि सोडून दिला. क्षणभर तो जागच्या जागी थांबला. मग हळूच, झोपेतून उठल्यासारखा, वर निघाला. वीतभर गेला, हातभर गेला, आणि नव्या कॅमेऱ्याच्या काचेला लागणार तोच तिनं झडप घालून त्याला धरलं.

"अगं बाई!" ती स्वतःशीच म्हणाली.

पुन्हा खाली आणला, पुन्हा सोडला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा करून बघायची तिची छाती झाली नाही. लाल बटण दाबून तिनं तो बंद केला आणि स्टुलावर बसली, तर बसवेना. उठली, तर काय करावं सुचेना. कारण नऊ दिवसांपूर्वी हा हात असाच वर गेला असं बिभीषण जीव तोडून सांगत होता, आणि तसं होऊच शकत नाही असा कागद तिनंच लिहून दिला होता.

श्रीरामपूरच्या एमआयडीसीतला हा कारखाना पंपांचे भाग बनवायचा. छगनशेठनी मोठ्या हौसेनं हा सहा सांध्यांचा हात आणला, त्याची हालचाल गणितात बसवायला शॅरन साळवेला नोकरीवर घेतलं आणि चालवायला दिला बिभीषणच्या ताब्यात. बिभीषण पुणतांब्याचा. एकोणीस वर्षं लेथवर काढलेला, केसाएवढा फरक नुसत्या बोटानं ओळखणारा माणूस. साहेबलोकसुद्धा माप चुकतंय असं वाटलं की आधी त्याला हाक मारायचे.

या यांत्रिक हाताची गंमत अशी, की बटण दाबलं की तो मोकळा होतो. आतल्या मोटारी त्याचं वजन तोलून धरतात. बोटानं ढकलला तरी फिरतो, सोडला की तिथंच थांबतो. फक्त त्याच्या टोकाला किती वजन लटकलंय हे त्याला बरोबर ठाऊक पाहिजे. कमी सांगितलं तर खाली येतो, जास्त सांगितलं तर वर जातो.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या दिवशी बिभीषणनं तो टेबलाशी आणून सोडला आणि पंपाचा भाग उचलायला खाली वाकला. डोक्यावर खळ्ळकन आवाज झाला आणि तपासणीच्या कॅमेऱ्याच्या काचा त्याच्या पाठीवर पडल्या.

"मी सोडला, तो आपला आपन वर गेला," एवढंच तो सांगत राहिला.

शॅरननं चार तास संगणकावर हाताचं गणिती मॉडेल फिरवून पाहिलं. आकड्याला आकडा जुळत होता. तिनं लिहून दिलं, 'हात आपोआप वर जाणं शक्य नाही. बाहेरून जोर लावल्याशिवाय असं होत नाही.' गणित तिचं, सही तिची, आणि बिभीषण घरी. कॅमेरा नवीन येईपर्यंत हात बंदच होता. तो एकदा नुसता सोडून बघावा हे काही तिच्या मनात आलं नाही. याला हुशारी म्हणायचं की माज, देव जाणे.

आज सकाळपासून तिनं स्क्रू तपासले, वायरी तपासल्या, सगळे सांधे एकेक करून हलवून पाहिले. सगळं ठाकठीक. चहा आला आणि गार झाला. बिभीषणचा नंबर तिनं दोनदा काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. काय सांगणार? तुमचं खरं होतं, पण का ते मला कळत नाही?

झाडलोट करणाऱ्या मुक्ताबाई मघापासून तिच्याकडे बघत होत्या.

"मॅडम, एक बोलू का? रागावू नका."

"बोला मावशी."

"खंडेनवमीला पूजा झाल्यावर हत्यारं निजलेली असतात. त्यांना हात लावायचा नसतो. तुमी त्याच सांजंला ह्याला हलवलं. मी म्हनलं हुतं, नका हलवू."

"मावशी, गणिताला खंडेनवमी कळत नाही हो."

"गनिताला नसंल कळत. ह्याला कळली."

शॅरन वैतागली. एक तर डोकं तापलेलं, त्यात हे. पाणी प्यायला तिनं बाटली उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली.

पूजा झाली होती. लेथ, ड्रिल, झाडून सगळ्यांना हळदीकुंकू लावलेलं, आंब्याचे टाळे बांधलेले. आणि रोबोटच्या मनगटाला बिभीषणनं हौसेनं घातलेला झेंडूचा हार, चांगला जाडजूड, पाणी मारून ओलाचिंब केलेला. सुट्टीनंतर लगेच काम सुरू करायचं म्हणून तिला टोकाचं वजन मोजून ठेवायचं होतं. पाच मिनिटांचं काम. हात स्वतःच इकडेतिकडे झुलतो आणि वजन ओळखतो. हार काढायला ती पुढं झालीही होती. मग मनात आलं, आपण चर्चला जाणारी माणसं, पूजेचा हार आपण उतरवला तर उद्या उगाच चार तोंडं चार गोष्टी बोलतील. राहू दे. म्हणून तो राहिला, आणि हारासकट वजन मोजलं गेलं. सुट्टी संपल्यावर सकाळी बिभीषणनं कोमेजलेला हार उतरवला, निर्माल्य गोदावरीत सोडायचं म्हणून पिशवीत भरलं आणि कामाला लागला. हार गेला, पण रोबोटच्या हिशोबात त्याचं वजन तसंच राहिलं.

शॅरननं स्टीलची बाटली काठोकाठ भरली, ओढणीनं रोबोटच्या मनगटाला बांधली, बटण दाबलं आणि हात टेबलाशी आणून सोडला.

तो जागचा हलला नाही.

"बगा," मुक्ताबाई म्हणाल्या, "पानी पाजलं तर कसा शांत झाला."

शॅरनला हसू फुटलं, आणि लगेच बिभीषण आठवला. ओढणी तिथंच सोडून ती जिना चढून छगनशेठच्या केबिनमध्ये गेली.

"या मॅडम, या. तुमचीच आठवण काढली होती," शेठ म्हणाले. "बिभीषणचं प्रकरण मिटलं बघा."

त्यांनी वहीचं फाडलेलं एक पान पुढं सरकवलं. अक्षर बिभीषणचं, शाळेत गिरवल्यासारखं सुबक.

'मॅडमनी गणिताने दाखवून दिले आहे. गणित खोटे बोलत नाही. मला ढकलल्याचे आठवत नाही, पण माझ्याच हातून ढकलले गेले असणार. माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नसेल. माफी असावी.'

"माणूस भला आहे, चूक कबूल केली," शेठ म्हणाले. "सोमवारपासून घेतोय त्याला."

"शेठ, त्यांची चूक नाहीच. माझी आहे."

तिनं हाराचं सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"अहो, मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तो कामावर येतोय, तुमचंही नाव राहतंय. मिटलेलं कशाला उकरता?"

खोटं कशाला सांगा, तिला ते क्षणभर पटलं. कुणाचंच काही जात नव्हतं. पण डोळे पुन्हा त्या एका ओळीवर गेले: माझा हात आता पूर्वीसारखा राहिला नसेल. तिनं शेठच्या टेबलावरचं पेन उचललं, पान उलटलं आणि पाठीमागं लिहिलं, 'हात आपोआप वर गेला. वजन मी चुकीचं मोजलं. बिभीषण खरं बोलत होते.' खाली सही केली.

"हे खाली सूचनांच्या फळ्यावर लावा शेठ. ही बाजू वर ठेवून."

सोमवारी बिभीषण आला. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे. फळ्यापाशी उभं राहून त्यानं कागद वाचला, आणि टोपी काढून खुंटीला लावली.

"काका, माझं चुकलं," शॅरन म्हणाली. "फार चुकलं. तुम्ही सांगत होता तेव्हा मी ऐकायला पाहिजे होतं."

"चालायचंच मॅडम. तुमी तरी काय मुद्दाम केलं?"

वजन तिनं नव्यानं मोजलं होतं, हात दहादा सोडून पाहिला होता. तरी पहिल्यांदा त्यानंच सोडावा असं तिला वाटत होतं. सगळे भोवती जमले. बिभीषणनं बटण दाबलं आणि हात अलगद टेबलाशी आणला.

"सोडा काका."

"व्हय, सोडतो."

सोडला मात्र नाही. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आता काही होणार नाही. मी बघितलंय."

"त्याचं भ्या न्हाई मॅडम." तो तिच्याकडे न बघता खालच्या आवाजात म्हणाला, "बारा दिवस घरी बसून रोज आठवून बघितलं, कसं झालं आसंल, कसं झालं आसंल. आता मला ढकलल्यालं आठवतंय."

शॅरननं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली.

"मी इथंच आहे काका. तुम्हाला वाटेल तेव्हा सोडा."

जमलेले एकेक करून पांगले. लेथ सुरू झाल्या, मुक्ताबाईंनी झाडू हातात घेतला. बिभीषण अजून तसाच धरून उभा होता.