पंधरा मिलिमीटर

प्रयोगशाळेतल्या पुतळ्याला सगळे निवांतराव म्हणत. पुतळा कसला, माणसाच्या धडाच्या आकाराचं उताणं, पोकळ प्लास्टिक ते. आत शरीराच्या गुणधर्माचा द्राव भरायचा, खालून मोबाइल किंवा अंगावर घालायचं एखादं यंत्र टेकवायचं, आणि वरून यांत्रिक हात सुई बुडवून लहरींची किती ऊर्जा अंगात मुरते ते मोजणार. आकडा मर्यादेच्या आत असेल तर शिक्का, नाहीतर यंत्र आल्या वाटेने परत. इतक्या सुया टोचून घेऊनही हूं की चूं केलं नाही, म्हणून हे नाव.

ताई तिथली बारा वर्षांची जुनी परीक्षक. पण बाबा गेल्यापासून तिला निवांतरावांकडे सरळ बघवत नव्हतं. द्राव ढवळून स्थिर झाला की तिला वाटे, आत कुणीतरी श्वास रोखून पडलंय आणि आपण विचारायची वाट बघतंय.

काय विचारायचं, तेच तिला उमगत नव्हतं. बाबा एकटे राहायचे. पडले तर कळावं म्हणून गळ्यात घालायचं यंत्र तिनेच आणलं होतं. माणूस पडला की आपोआप, किंवा बटण दाबलं की, तिला आणि दादाला निरोप. तेच मॉडेल पूर्वी तिच्या हाताखालून गेलं होतं. आकडा मर्यादेत, पण काठाला. मर्यादा ठरवतानाच हात भरपूर राखलेला असतो, हे ती नव्या लोकांना छातीठोकपणे शिकवायची. बाप स्वतःचा असला की शिकवलेलं कुठे जातं कोण जाणे! तिने यंत्रासाठी एक कापडी पिशवी शिवली आणि चाचणीत अंतर राखायला वापरतात तो पांढऱ्या फोमचा पंधरा मिलिमीटरचा तुकडा अंगाकडच्या बाजूला आतून टाचला. बाबा हसून म्हणाले होते, "आता मला वारासुद्धा लागू देणार नाहीस तू."

मग एका सकाळी ते स्वयंपाकघरात पडले आणि दादाला संध्याकाळी सापडले. निरोप आलाच नव्हता. क्षणात गेले असतील, असं डॉक्टर म्हणाले. त्या एका वाक्यावर भावंडांनी दोन महिने काढले. दादाने यंत्राला मात्र माफ केलं नाही. कंपनीविरुद्ध तक्रार करायची, तू जाणकार आहेस, यंत्र सदोष होतं असं लिहून दे, म्हणून तो तिच्या खनपटीलाच बसला होता. ती आज-उद्या करत राहिली. मनात पाल चुकचुकत होती, पण कशाची ते कळत नव्हतं.

ते त्या सोमवारी कळलं. त्याच मॉडेलची नवी आवृत्ती चाचणीला आली, सोबत जाडजूड माहितीपत्रक. त्यात एक ओळ होती: काढून ठेवलेल्या यंत्रावरून खोटे निरोप जाऊ नयेत म्हणून, त्वचेला टेकलेलं नसताना यंत्र निरोप पाठवत नाही, जपून ठेवतं आणि त्वचेला टेकल्यावर पाठवतं, जुन्या आवृत्तीप्रमाणेच. ताईने ती ओळ पुन्हा वाचली. चाचणीत प्रत्येक यंत्र खास आज्ञा देऊन पूर्ण जोरात, अखंड बोलतं ठेवायचं, हीच इथली रीत. बारा वर्षांत तिने एकही यंत्र आपणहून गप्प होताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर तिने बाबांचं यंत्र चार्ज केलं आणि पिशवीसकट निवांतरावांच्या छातीखाली ठेवलं. बटण दाबलं. पडद्यावर शून्य. पुन्हा दाबलं. शून्यच. यंत्र बिघडलेलं असू दे, असं तिने मनापासून मागितलं. हातातल्या वस्तूसाठी असलं मागणं तिने आयुष्यात केलं नव्हतं. मग तिने टाके उसवले, फोम बाहेर काढला आणि यंत्र स्वतःच्या गळ्याखाली घट्ट धरलं.

हिरवा दिवा लागला. खिशातला फोन थरथरला.

बाबा पडले आहेत, सकाळी दहा वीस. बटण दाबलं, दहा बावीस. बटण दाबलं, दहा पंचवीस. फोन थांबेचना. दहा चाळीस. दहा एकावन्न. अकरा वाजून चार मिनिटं. त्यानंतरचे दोन निरोप आजचे होते, तिने स्वतः दाबलेले, बाबांच्या मागे रांगेत उभे राहिलेले.

लगेच दादाचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"अगं, बाबांचे निरोप येतायत. अकरापर्यंत दाबत होते ते. अकरापर्यंत जिवंत होते. मग हे यंत्र गप्प का बसलं?"

यंत्र सदोष होतं. उत्तर तयार होतं, त्यानेच तिला शिकवलेलं. त्या उत्तरावर तो जन्मभर विश्वास ठेवणार होता. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"यंत्र चांगलं होतं, दादा," ती म्हणाली. "त्याच्या आणि बाबांच्या मध्ये फोम मी शिवला होता."