धाकट्याचं ताट

घरात सगळे त्याला धाकटा म्हणायचे, आणि हा धाकटा आईशी फक्त सणाच्या दिवशी खोटं बोलायचा. एरवी तशी गरजच पडत नसे. पण सणाला आईचा हट्ट असे. घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय ती पानावर बसायची नाही, आणि धाकटा शिकायला परदेशी गेला तरी तिच्या लेखी तो घरातच होता. तिचा फोन यायचा, "जेवलास का?" प्रयोगशाळेबाहेर उभा राहून, हातात अर्धं सँडविच धरून तो सांगायचा, "जेवलो की. भात, वरण, दोन भाज्या, शिवाय खीर. आधी नैवेद्य दाखवला. खोलीवरच्या मित्राने तर वाट्यावर वाट्या हाणल्या." त्या बिचाऱ्या मित्राला खीर कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं.

या थापांचं त्याला वाईट वाटत नसे. आपण खरं बोललो तर आई उपाशी राहील, मग खोटंच बरं. फोन ठेवताना उलट त्याला आईला जेवू घातल्याचं समाधान वाटायचं.

यंदा आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, गिळता येईना, नाकातून नळी घालावी लागली. धाकट्याने बॅग भरायला घेतली तर दादा म्हणाला, "प्रबंध देऊनच ये. अर्धवट टाकून आलास तर तिच्याच जिवाला लागेल." धाकट्याने ऐकलं, आणि का ऐकलं म्हणून रोज स्वतःला बोल लावत राहिला.

सण आला. "जेवलास का?" म्हणणारं आता कोणी नव्हतं, आणि नेमकं आताच त्याला खोटं बोलायचं नव्हतं. आईने एकदा तरी आपलं भरलेलं ताट बघावं, आपण पोटभर खातोय हे तिने डोळ्यांनी बघावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पुढच्या सणापर्यंत ती असेल की नाही, हे विचारायची त्याची छाती होत नव्हती.

सकाळपासून तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खपत होता. वरण उतू गेलं. खीर खाली लागली, धूर झाला आणि छतावरचं यंत्र असं बोंबललं की मजल्यावरची पोरं अनवाणीच बाहेर पळाली. त्यांची माफी मागता मागता त्याच्या नाकी नऊ आले. खोलीत ज्योत लावायला बंदी, म्हणून देवाच्या फोटोवर अभ्यासाचाच दिवा वाकवून ठेवला. नैवेद्य दाखवला, ताट वाढलं आणि फोन पुस्तकांना टेकवून लावला.

पलीकडे वहिनीने फोन आईच्या तोंडासमोर धरला. केस नीट विंचरलेले होते, अंगावर नवी साडी पांघरलेली होती. चेहरा एका बाजूला ओढला गेला होता. डोळे तेवढे आईचे होते.

"आई, हे बघ. भात, वरण, भाजी. खीर जरा लागलीय, चालायचंच."

त्याने घास घेतला. आई बघत होती. त्याने दुसरा घेतला, तसं तिच्या एका डोळ्यातून पाणी ओघळलं.

"वहिनी, तिला त्रास होतोय का? बंद करू?"

"नाही हो भाऊजी. बघू द्या त्यांना." वहिनीने पदराने आईचा डोळा टिपला. मग म्हणाली, "खरं तर सांगू नये. पण तुम्ही जेवलो म्हणायचात ना, तेव्हा आई जेवायच्याच नाहीत. फोन ठेवला की म्हणायच्या, पोर उपाशी आहे, मला आवाजावरून कळतं. ताट झाकून ठेवायच्या आणि तशाच झोपायच्या. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती."

धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे प्रत्येक सणाला तीही उपाशी आणि तोही, दोघं एकमेकांना सांभाळत बसलेले. आज तो खरंच जेवत होता, आणि आज तिला गिळताच येत नव्हतं. त्याला रडू आवरेना. ताट बाजूला सारावं आणि फोन बंद करावा असं त्याला वाटलं.

पण आईची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. हात वर का जात नाही हे तिला कळेना. मग तान्ह्या मुलाला भरवताना बाया आपलंच तोंड उघडतात ना, तसे तिचे ओढलेले ओठ हळूच उघडले.

धाकट्याने घास घेतला.