मधवाल्या स्पिरोचे गहू

डॅन्यूबकाठच्या त्या गावात लोक पुस्तकं वाचत नाहीत, पण बेकरीसमोरच्या फळ्यावर निधनाचं पत्रक लागलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. कोण गेलं, कितव्या वर्षी गेलं, मागे कोण उरलं, हे कळल्याशिवाय पाव घेऊन कुणी घरी जात नाही. रुस्काइतकं हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? गावच्या कचेरीत चौतीस वर्षं ती पत्रकं तिनंच टाइप केली होती.

अकराव्या वर्षी तिनं भर वर्गात सांगितलं होतं, "मी गोष्टी लिहिणार." पोरं हसली. आई म्हणाली, आधी कोंबड्यांना दाणे टाक. ते दाणे टाकणं जे सुरू झालं ते पुढं नोकरी, संसार, दोन मुली, सासूचं आजारपण असं चालतच राहिलं. शेवटी सदुसष्टाव्या वर्षी तिनं टेबल खिडकीशी ओढलं आणि तीन महिने खपून एक गोष्ट लिहिली. पलीकडच्या गावचा मधवाला स्पिरो, त्याच्या सात पेट्या, त्याची बायको आणि त्याचा शेवटचा वसंत.

नवऱ्याला, पेन्कोला, ती वाचून दाखवली. दुसऱ्याच परिच्छेदाला तो घोरू लागला.

"झोपलो नव्हतो गं, डोळे मिटून ऐकत होतो."

"आणि घोरत कोण होतं, मांजर?"

रुस्का चिडली, पण त्याहून जास्त घाबरली. गोष्ट खरंच टाकाऊ असली तर? तिनं ठरवलं, ती फळ्यावर लावायची. लोकांनी शेवटपर्यंत वाचली तर दुसरी लिहायची, अर्ध्यात सोडली तर वही चुलीत. नसती आशा धरून बसायचं हे वय नव्हे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, रुस्काची खोड तर मेलेल्यांनीच लावलेली. टाइप करताना वर मधोमध स्पिरोचं ठळक नाव, खाली 'वय ७४', भोवती निधनाच्या पत्रकाला असते तशी काळी चौकट. बोटांनी परस्परच उरकलं, तिच्या लक्षातही आलं नाही.

सकाळी ती बेकरीच्या खिडकीआड उभी राहिली. एकेक जण थांबत होता. म्हाताऱ्या इलियानं टोपी काढली, तेव्हा तिला वाटलं, उकडत असेल. कुणीही मधूनच निघून गेलं नाही. रुस्का घरी आली ती हवेत तरंगतच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दोच्काबाई. मागच्या गल्लीत राहणारी, ऐंशीची, जिभेनं तिखट. हातात झाकलेलं भांडं, आत मयतासाठी करतात ते उकडलेले गहू, वर पिठीसाखर.

"रुस्का, त्या स्पिरोच्या गावाला बस कितीची गं? एकदा जत्रेत मध घेतला होता त्याच्याकडून. फार सज्जन माणूस."

रुस्कानं तिला आत घेतलं. "दोच्काबाई, तो... तो मेलेला नाही."

"जिवंत आहे?"

"तसंही नाही. तो जन्मलाच नाही. मी रचलाय."

दोच्काबाई मटकन खुर्चीत बसली. पेन्कोनं हळूच पेपर तोंडासमोर धरला. आता ही गावभर डांगोरा पिटणार, वही चुलीत जाणार, हे रुस्काला स्पष्ट दिसलं.

"म्हणजे मी काल तासभर रडले, ते कुणाच्या नावानं?"

"माझं चुकलं, दोच्काबाई. चौकट सवयीनं पडली हो."

"चौकट घाल चुलीत! सगळं तुझ्याच हातात होतं ना? मग मारलंस कशाला गं त्याला? लिंडनची झाडं फुलायला पंधरा दिवस राहिले होते. तेवढा तरी बहर बघू द्यायचास बिचाऱ्याला!"

रुस्काचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत गावातल्या किती जणांना तिनं चौकटीत बसवलं होतं, पण असा जाब तिला कधी कुणी विचारला नव्हता. ती मनोमन सुखावली. तिनं तीन बश्या काढल्या.

"खा," दोच्काबाई गहू वाढत म्हणाली. "शिजवलेले गहू परत न्यायचे नसतात. आणि हे बघ रुस्का, त्याच्या बायकोच्या केसाला जरी धक्का लागला, तर माझ्याशी गाठ आहे."