नावापाशी अडलेली चाल

कोलकात्याजवळच्या कोन्नगरात मल्लिकादींच्या गाण्याच्या वर्गात पुरुषांना बंदी होती असं नाही, पण रविवार सकाळच्या तुकडीत पुरुष कधी फिरकलाच नव्हता. सगळ्या घरसंसारातल्या बायका. नवऱ्याच्या पुढ्यात लुची-आलूदमची ताटली आदळायची आणि तास-दीड तासाची सुटका करून घ्यायची, हा त्यांचा खरा राग. तिथं मंदिरा नवऱ्याचा हात धरून दारात उभी राहिल्यावर सतरंजीवर खसखस पिकायचीच.

"मंदिरादी, अगं एक सकाळ तरी सोड की त्यांना!" काजोरी म्हणाली. काजोरी म्हणजे वर्गातलं सगळ्यात सैल तोंड.

मंदिरा हसली नाही. गेल्या काळीपूजेपासून, म्हणजे दिवाळीपासून, तिला हसू म्हणून आलंच नव्हतं. त्या संध्याकाळी शिबतोष पोरांच्या फटाक्यांना शिव्या घालत गच्चीवरून उतरले आणि मधल्याच पायरीवर मटकन बसले, अर्धांगाचा झटका. हातापायांतली ताकद हळूहळू परतली, वाचा गेली ती गेली. भूगोलाचा मास्तर तो! मासळीबाजारात बोलायला उभा राहिला की गिऱ्हाईक मासे विसरायचं. आता त्या तोंडातून एकच शब्द निघायचा, "ना". चहा हवा असला तरी ना, नको असला तरी ना. कळायचं सगळं, ओठावर काही यायचं नाही. मग ते मूठ आपटायचे आणि मंदिरा स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडायची.

कोलकात्याच्या वाचातज्ज्ञांकडे खेटे घालून झाले, तारकेश्वरचे नवस झाले. आणि एक दिवस गच्चीत कपडे वाळत घालताना, मागच्या घरातून मल्लिकादींच्या तुकडीतल्या बायकांचं गाणं कानावर आलं आणि खुर्चीत बसलेल्या शिबतोषांनी त्यातली अख्खी ओळ म्हटली. शब्दांसकट, सुरात. मंदिराच्या हातातली ओली साडी खाली पडली.

"अहो! काय म्हणालात? परत म्हणा ना!"

"ना," शिबतोष म्हणाले.

ती तशीच अनवाणी मल्लिकादींच्या दारात गेली होती.

तिला एवढी घाई का, हे सांगायला हवं. लेकीचं लग्न अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, ठरलं होतं. लेक कागदावर सुचेतना, घरात टुनी. बापानं तिचा हात जावयाच्या हातात द्यायचा आणि भटजीमागून मंत्र म्हणायचा, अमुक गोत्र, अमुकाची पणती, अमुकाची नात, अमुकाची मुलगी, अमुक नावाची, ही मी तुला देतो. मुक्या बापानं कसं द्यायचं? शिबतोषांचे थोरले भाऊ परितोष यांनी हा प्रश्न परस्पर सोडवूनही टाकला होता. धाकट्या भावजयीला ते बौमा म्हणायचे.

"मी करतो कन्यादान, बौमा. तू कशाला जीव टाकतेस? घरात मोठं माणूस आहे की!"

"तिचा बाप जिवंत आहे, दादा."

"आहे गं, कोण नाही म्हणतंय? पण नुसतं असून काय उपयोग?"

हे शिबतोषांच्या देखत. त्यांनी मान खाली घातली. मंदिराला वाटलं, या माणसाला आजच जिवंतपणी चितेवर ठेवलं. त्या क्षणी तिनं ठरवलं, मंत्र हेच म्हणणार. त्यांना म्हणता आला नाही तर आपलं सगळं संपलं. हट्ट म्हणा, वेड म्हणा. तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

वर्गात शिबतोष गायला लागले तशी काजोरीची टिंगल बंद पडली. एकटे असले की गप्प, पण पंधरा गळे एकदम लागले की त्यांचाही गळा उघडायचा. जाड, जुना, थोडा फाटका आवाज, आणि त्यात एकेक शब्द लख्ख. बायका गाता गाता डोळे पुसायच्या. गाणं संपलं की वाचेचं दार पुन्हा बंद.

"काजोरी, त्यांना विचार बरं, आज भाजी कोणती?" एकदा एकजण म्हणाली.

"ना."

"बघ, तुझ्या हातची तर नकोच म्हणतात!" सगळ्या हसल्या, शिबतोषही हसले. मंदिरा सोडून.

दुर्गापूजा उरकल्यावर तिनं मल्लिकादींना गाठलं. "दीदी, कन्यादानाच्या मंत्राला चाल लावून द्या."

"वेड लागलंय का तुला? मंत्र आहे तो, गाणं नव्हे! भटजी मला गावातून हाकलून देतील."

"मी पाया पडते तुमच्या."

"पाया पडून चाल सुचत असती तर मी आजवर केवढी मोठी झाले असते! ऊठ आधी." मल्लिकादी चिडल्या की चालीचा विचार सुरू झालाय असं समजायचं. पुढच्या रविवारी त्यांनी चाल आणली. अगदी सोपी, चार सुरांत फिरणारी, पोरांना निजवताना म्हणतात तशी. सगळी तुकडी ती घोकायला बसली. टुनीच्या पणजोबांपासून सगळ्यांची नावं पंधरा बायकांना तोंडपाठ झाली.

गोत्र आलं. पणजोबा आले, आजोबा आले, शिबतोषांचं स्वतःचंही नाव आलं. मुलीचं नाव मात्र येईना. बायका "सुचेतना" म्हणायच्या, शिबतोषांचे ओठ मिटायचे. चाल पुढे जायची, आणि नावानंतरच्या शब्दाला ते परत धरायचे. पुन्हा. पुन्हा. चाल बदलून पाहिली, नाव लांबवून पाहिलं, तोडून पाहिलं. काही म्हणून काही होईना.

लग्नाच्या आधीच्या रविवारी मंदिराचा तोल गेला. भर वर्गात तिनं नवऱ्याचे खांदे धरून गदागदा हलवले.

"म्हणा ना हो! पोटची पोर आहे तुमची! तिचं नाव येत नाही? माझा जीव गेला तरी चालेल, पण एवढं म्हणा!"

शिबतोषांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. "ना," ते म्हणाले. "ना, ना, ना."

काजोरीनंच उठून दोघांना घरी पोचवलं. वाटेत ती म्हणाली, "मंदिरादी, मी वर्गात फार बोलते गं. पण नावापुरतं परितोषदांनी म्हटलं तर काय बिघडतं? बाकी सगळं तर हे म्हणतायत."

"नावच तर द्यायचंय काजोरी. बाकी काय आहे त्यात?"

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मुलीचं लग्न आईनं डोळ्यांनी बघायचं नसतं आमच्या बंगाल्यांत. मुलाचंही नाही, सून घरी आल्यावरच तिचं तोंड बघायचं. बाकी साऱ्या गावानं बघावं, जिनं जन्म दिला तिनं आतल्या खोलीत बसावं. ही रीत कोणी काढली त्याला एकदा विचारायला हवं. मंदिरा पलंगाच्या कडेवर बसली, दार लोटलेलं, कान मांडवात.

शंख झाले, बायकांचा जिभेनं घुमवलेला उलूध्वनी झाला. मग भटजींचा आवाज, आणि त्यामागून मल्लिकादींचा, अगदी हलका. भटजींना काजोरीनं काय सांगून पटवलं होतं देव जाणे. मग तुकडीतल्या बायका. आणि मग तो जाड, फाटका आवाज. मंदिरानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. गोत्र. पणजोबा. आजोबा. शिबतोषांचं स्वतःचं नाव आलं, आणि चाल थांबली.

बायकांनी नाव म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा सूर गेला. मंदिरा उठून दारापाशी आली, कडीवर हात ठेवला. देवा, एवढंच. पुढचं आयुष्य हवं तर मुकं दे.

"मुहूर्त टळतोय," भटजी म्हणाले.

"मी म्हणतो," परितोषांचा आवाज आला. "बाजूला हो शिबू, हात सोड तिचा. हं, भटजी. सुचेतना नावाची..."

"टुनी!"

कोणाचा आवाज ते मंदिराला आधी कळलंच नाही. त्यात सूर नव्हता, चाल नव्हती. रस्त्यावर लेकरू गाडीखाली जाताना बाप ओरडेल तसं ते ओरडणं होतं.

"टुनी! टुनी! टुनी!"

"शिबू, सोड हात, लोक बघतायत..."

"मंत्रात घरचं नाव चालत नाही हो," भटजी म्हणाले.

"चालतं!" ही टुनी. रडत होती, पण आवाज खणखणीत. "माझं नाव मला ठाऊक आहे. बाबांनी म्हटलंय. जेठू, तुम्ही मागे व्हा. भटजी, पुढचं सांगा."

परितोष मागे झाले, भटजींनी पुढचं सांगितलं. मल्लिकादींनी चाल धरली, आणि ही मी तुला देतो, एवढं शिबतोषांनी शेवटपर्यंत म्हटलं. मंदिरा दाराला पाठ लावून खाली बसली. हसली की रडली ते तिलाही सांगता आलं नसतं. बाहेर जायची परवानगी नव्हती, त्यांचा चेहरा बघता आला नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी टुनी सासरी सिलिगुडीला गेली. घर ओकंबोकं झालं. संध्याकाळी मंदिरानं विचारलं, "चहा ठेवू?"

"टुनी," शिबतोष म्हणाले.

"हो हो, गाडीत बसली ती. मघाशीच फोन आला. चहा ठेवू ना?"

"टुनी." त्यांनी रिकामा कप पुढे केला.

तिला वाटलं, आठवण येतेय. रात्री जेवताना भाताकडे बोट दाखवून तेच. सकाळी चष्मा सापडेना तेव्हा तेच. वर्तमानपत्र आलं, टुनी. पाठ खाजली, टुनी. "ना" कायमचं गेलं होतं. त्याच्या जागी हे आलं होतं, आणि दुसरं काही आलं नव्हतं. रविवारी वर्गात ते सगळी गाणी गायले. गाणं संपल्यावर काजोरीनं "बरे आहात ना दादा?" विचारलं, त्यांनी तिलाही हसून तेच नाव दिलं. काजोरी हार्मोनियम पुसत बसली.

तज्ज्ञ फोनवर म्हणाले, असं होतं कधीकधी, एकच शब्द उरतो. मंदिरानं विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, सांगता येत नाही.

मागितलं होतं तेच मिळालं होतं. तक्रार कोणाकडे करायची?

दुपारी ती भांडी घासत होती. व्हरांड्यातून हाक आली. "टुनी!" तिनं नळ सोडला, मग बंद केला. पुन्हा हाक आली. यावेळी जरा घाबरलेली, घरात कोणीच नाही की काय अशी.

"ओ," मंदिरा म्हणाली, "आले हं," आणि हात पुसत व्हरांड्यात गेली.