पासष्ट पूर्ण व्हायला नऊ महिने

मार्लिसच्या फ्रीजवर एक कॅलेंडर लटकलेलं असे. रोज सकाळी कॉफी ओतली की ती त्यातली एक चौकट खोडायची. आता नऊ महिने उरले होते. नऊ महिन्यांनी ती पासष्टची होणार, अमेरिकेत त्या वयाला मिळणारा सरकारी आरोग्य विमा लागू होणार, आणि मग छातीत अधूनमधून येणाऱ्या कळेसाठी ती डॉक्टरकडे जाणार. तोवर तग धरायचा! मिनेसोटातल्या त्या गावात असे तग धरणारे काही कमी नव्हते. साठी उलटली की माणसं आपापल्या दुखण्यांना ‘जरा थांबा’ म्हणून दाराबाहेर बसवून ठेवत.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिने बावीस वर्षं पोरांना जेवण वाढलं होतं. मग कामाचे तास कमी झाले आणि तासांबरोबर विमाही गेला. नवरा आर्नी त्याआधीच गेलेला. लेक कॅरिन दूर अ‍ॅरिझोनात. रक्तदाबाची गोळी मार्लिस एक दिवसाआड घ्यायची, डबी पुरावी म्हणून. रविवारी लेकीचा फोन यायचा.

“आई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय!” असं म्हणून ती हसायची. फोन ठेवला की मात्र बराच वेळ टेबलापाशी बसून राहायची. समोरच्या खुर्चीवर आर्नीचा स्वेटर अजून तसाच होता.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, म्हणून गावातली वयस्क मंडळी दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फेऱ्या मारत. मार्लिस चालायला कमी आणि माणसं बघायला जास्त यायची. बर्नाडीन तिची फेऱ्यांमधली जोडीदारीण. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

“आल्या का महाराणी! आज गोगलगाय पुढे जाईल बघ तुझ्या.”

“तू हो पुढे. मी येते.”

तिसऱ्या फेरीला चपलांच्या दुकानापाशी मार्लिस डावा हात दाबत मटकन बाकावर बसली. बर्नाडीन मागे फिरली.

“काय गं, चेहरा पांढराफटक पडलाय!”

“काही नाही. काल चर्चच्या जेवणात ती भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश जास्त खाल्ली.”

“हॉटडिशने हात दुखतो होय? घाम फुटतो?” बर्नाडीनने फोन काढला.

मार्लिसने तिचं मनगट घट्ट धरलं. “अँब्युलन्स नको! पाया पडते तुझ्या. बिलापायी घर विकावं लागेल मला. नऊच महिने राहिलेत गं!”

बर्नाडीनने मनगट सोडवून घेतलं आणि नंबर लावला. पत्ता सांगितला. मग पर्समधून एक कार्ड काढून मार्लिसच्या मुठीत दिलं.

“वाच. माझ्या वेंडेलचं आहे.”

वेंडेल म्हणजे बर्नाडीनचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी तो वारला, एवढंच मार्लिसला ठाऊक होतं.

“कार्ड टपालाने आलं तेव्हा नाचला होता वेडा. विमा कधीपासून लागू, ती तारीख आहे बघ त्यावर. त्या तारखेच्या अकरा दिवस आधी गेला. छातीत दुखतंय हे मला, सख्ख्या बहिणीला, सांगितलं नाही त्याने! मी रोज विचारायची, ‘कसा आहेस?’ तो म्हणायचा, ‘मजेत.’ आणि मी चालायला लागायची. बिलाशी भांडता येतं, मार्लिस. कॅलेंडरशी नाही भांडता येत!”

मार्लिस ते कार्ड धरून रडू लागली. कितीतरी महिन्यांनी कुणाच्यातरी खांद्यावर रडली.

बंद पडत आलेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी वेळेत उघडली. बिल आलं, ते घाबरवणारंच होतं. पण इस्पितळात सवलतीचा अर्ज असतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बर्नाडीन दुपारभर शेजारी बसून तो भरून घेत होती. सगळं माफ झालं नाही; उरलेल्याचे हप्ते बांधून मिळाले. घर राहिलं. आणि ज्या चर्चमध्ये ती हॉटडिश घेऊन जायची, त्याच्याच तळघरात दर मंगळवारी स्वस्तात औषधं मिळत होती! तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

रविवारी फोन वाजला. “आई, बरी आहेस ना?”

मार्लिसने आर्नीच्या स्वेटरकडे पाहिलं. “नाही गं बाळा. बरी नव्हते. सांगू?”

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “सांग आई. बसलेय मी.”

वसंतात ती पुन्हा मॉलमध्ये आली, हळूहळू चालत.

“कशी आहेस बर्नाडीन?”

“झकास!”

मार्लिस पुढे गेली नाही. तिथेच थांबली. बर्नाडीनचा तो मोठा आवाज अगदी लहान झाला. “रात्री जेवण एकटीला जात नाही गं.”

“मग आज माझ्याकडे ये.”

आजारी माणसाला तारखेची वाट बघायला लावणारे नियम बदललेच पाहिजेत, त्यासाठी आपण बोललंच पाहिजे. पण मित्रांनो, ते बदलेपर्यंत एवढं तरी आपल्या हातात आहे: दुखत असेल तर दुखतंय म्हणावं. आणि ‘कसे आहात’ असं कुणाला विचारलं, तर उत्तर येईपर्यंत थांबावं.